अकरा वर्षं एकच चाक फिरताना बघितलं: उपग्रहाच्या रिअॅक्शन व्हीलची लाइफ टेस्ट

बेअरिंगवाला (धागाकर्ता), रविवार रात्री ९:५०

राम राम मंडळी,

लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली. परवा उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर एका दोस्तानं विचारलं, तू तिकडं साउथला नोकरीला होतास ते अकरा वर्षं नक्की करत काय होतास? म्हटलं, एक चाक फिरतंय का बघत होतो. त्याला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा कसली, पगारच त्याचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उपग्रहाला सारखं तोंड फिरवावं लागतं, कॅमेरा जमिनीकडं, अँटेना ठराविक गावाकडं, पॅनल सूर्याकडं. तालमीत पैलवान डाव टाकतो तो पाय मातीत रोवून, पण वर माती कुठली, रोवायला काहीच नाही. म्हणून उपग्रहाच्या पोटातच एक जड चाक ठेवतात. मोटरनं त्याचा वेग एका बाजूला वाढवला की अख्खा उपग्रह हळूहळू उलट्या बाजूला वळतो. हेच रिअॅक्शन व्हील. तीन दिशांना तीन लागतात, चौथं तिरकं बसवतात म्हणजे तिघांतलं कुठलंही गेलं तरी त्याच्यावर भागतं. इंधन लागत नाही, पॅनलच्या विजेवर चालतं. एकच भानगड, सूर्यप्रकाशाचाही बारीकसा दाब असतो, तो एकाच बाजूनं ढकलत राहिला की चाकाचा वेग चढत चढत टोकाला जातो, मग थ्रस्टर, म्हणजे छोटी रॉकेटं, मारून नाहीतर खालच्या कक्षेत चुंबकाच्या कॉइल वापरून तो उतरवायचा.

आता मुद्द्याचं. हे चाक उभं असतं बेअरिंगवर. तेच बेअरिंग, तेच छर्रे, छर्रे जिच्यात पळतात ती रेस तीच, त्यांना अंतरावर धरणारा पिंजरा तोच, फक्त फार निगुतीनं बनवलेलं. त्यात तेल किती, तर मिलिग्रॅममध्ये मोजायचं. छर्रा आणि रेस यांच्यामध्ये जो तेलाचा पापुद्रा असतो तो एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. आणि हिशोब करून बघा, ३००० आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, १५ वर्षं म्हणजे २३६५ कोटी फेऱ्या होतात, आणि मधे कोणी ग्रीसगन घेऊन वर जाणार नाही.

म्हणून उडवायचं असतं त्याच बनावटीचं एक चाक जमिनीवर ठेवतात. आधी त्याला रॉकेटमध्ये बसतात तसे हादरे देतात, मग चेंबरमध्ये घालून हवा काढतात आणि वर जसं फिरणार तसंच फिरवत ठेवतात. वर्षानुवर्षं. मी त्या चेंबरशेजारच्या टेबलावर होतो. रोज करंट किती मिलिअँप, तापमान किती, हादरे किती, ते लिहायचं. महिन्यातून एकदा मोटर बंद करायची आणि चाक आपोआप थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, त्याला कोस्ट-डाऊन म्हणतात. चांगलं चाक पंधरा-वीस मिनिटं फिरत राहतं. थांबायचा वेळ कमी व्हायला लागला की समजायचं, आत काहीतरी घासतंय.

विचारा काय विचारायचं ते. आता स्पिंडल रिपेरीचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसताना उत्तर देतो.

मिरजकर तिकटी, रात्री १०:०२

पहिला नंबर माझा. चाक बघायचा पगार देतात? तिकडं अजून जागा हाय का विचारा की राव, आमचा मेव्हणा घरात पंख्याकडं बघत पडलेला असतो, त्याला अनुभव भरपूर हाय.

(लेख एक नंबर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.)

सूतगिरणी मास्तर, रात्री १०:३१

छान लिहिलंय. मी इचलकरंजीच्या बाजूला गिरणीत तीस वर्षं मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. आमच्या रिंग फ्रेमचे, म्हणजे सूत कातायच्या मशीनचे, स्पिंडल १८-२० हजार आरपीएमनं पळतात, तुमच्या चाकाच्या कितीतरी पट, आणि एका खात्यात ते हजारोंनी. पण आमचं बरं होतं, तेल कमी झालं की भरा, आवाज आला की बदला. स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची, दहा सेकंदांत कळायचं कुठला स्पिंडल रडतोय ते. नवीन पोरं मीटर लावतात, लावू देत.

एक सांगतो, फिरणारं बेअरिंग सहसा दगा देत नाही, दगा देतं ते पडून राहिलेलं. साखर कारखान्यात माझा भाऊ होता. गाळप संपलं की सहा-सात महिने मोटरी उभ्या. जी मोटर तशीच ठेवली, आणि शेजारी दुसरं काहीतरी धडधडत होतं, तिचे छर्रे एकाच जागी थरथरून थरथरून रेसमध्ये खड्डे पाडतात. सीझनला चालू केली की पहिल्याच दिवशी खडखड. म्हणून जुने फिटर दर आठवड्याला शाफ्ट हातानं पाव फेरी फिरवून ठेवायचे आणि खडूनं खूण करायचे. तुमच्या चाकाला असं काही होतं का? थांबल्यावर?

खटक्यावर बोट, रात्री १०:४४

लेख वाचला, चांगला आहे, पण मला सरळ प्रश्न आहे. उपग्रह चालणार १५ वर्षं, टेस्ट चालणार १५ वर्षं. टेस्टचा निकाल लागेपर्यंत उपग्रह रिटायर. मग ही टेस्ट म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका बघण्यातला प्रकार नाही का? पटापट पळवा की चाक, दहा पट वेगानं, दीड वर्षात निकाल. की पगार चालू राहावा म्हणून सावकाश फिरवता?

बेअरिंगवाला, सोमवार सकाळी ७:२०

मास्तर, दंडवत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर फार मोठं आहे, त्याला संध्याकाळी हात घालतो.

खटक्या भावा, पगाराचं सोड, पण प्रश्न बरोबर आहे, हाच प्रश्न आमचे साहेब दरवर्षी बजेटच्या वेळी विचारायचे.

वेग वाढवला की काय होतं बघ. पावसात गाडी जोरात नेली की टायर पाण्यावर तरंगतो ना, तसं वेग वाढला की तेलाचा पापुद्रा जाड होतो, छर्रा तेलावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. म्हणजे जोरात पळवलं तर झीज कमी दिसते आणि टेस्ट खोटी पास होते. बरं, मग तापवून बघू म्हणशील. तापवलं की तेल पातळ होतं, पापुद्रा फाटतो, वरून तेल उडून जायचा वेग वाढतो, आणि तेल रासायनिक दृष्ट्या अशा तऱ्हेनं खराब होतं जसं वर थंडाव्यात कधी झालंच नसतं. आता टेस्ट खोटी नापास. वजन वाढवलं तर रेसवरचा दाबच वेगळा, ते तिसरंच बेअरिंग झालं. आणि काही गोष्टी फेऱ्यांवर चालतच नाहीत, कॅलेंडरवर चालतात. तेल पृष्ठभागावरून इंच इंच सरकत बेअरिंगबाहेर जातं, ते अडवायला कडेला तेल न चिकटणारा लेप देतात. पिंजरा सच्छिद्र फिनॉलिकचा, म्हणजे एका जातीच्या कडक प्लॅस्टिकचा असतो, तेल पिऊन बसलेला, तो हळूहळू तेल सोडतो. यांना घाई कशी करणार? नुसतं तेल तपासायचं असेल तर छोट्या मशीनवर एकच छर्रा फिरवून लवकर अंदाज घेता येतो, पण तो तेलाचा अंदाज झाला, चाकाचा नाही.

युरोपवाल्यांच्या उपग्रहातल्या हलत्या भागांच्या (मेकॅनिझमच्या) नियमांत तर फेऱ्या एक लाखाच्या वर असतील तर अपेक्षित आयुष्याच्या १.२५ पट टेस्ट करा असं आहे. १५ वर्षांचे झाले पावणेएकोणीस. आता बोल.

पत्रिकेचं म्हणशील तर जमिनीवरचं चाक वरच्या चाकाच्या एक-दोन वर्षं पुढं ठेवायचा प्रयत्न असतो. खालचं कुरकुरायला लागलं की वरच्याला अजून वेळ आहे, वेग बदला, तापमान बदला, चौथ्या चाकावर भार टाका. घरातला थोरला जसा आधी ठेच खातो आणि धाकटा बघून चालतो तसं.

मु.पो. ब्रेमेन, सोमवार दुपारी २:१५

कळंब्याचा आहे, सध्या जर्मनीत, उपग्रहाच्या कंट्रोलचं काम करतो म्हणजे ही चाकं बेअरिंगवाले बनवतात आणि आम्ही त्यांना पिडतो.

मास्तरांनी थांबण्याचं विचारलंय ते वर्मावर बोट आहे. चाक नुसतं एका दिशेनं फिरत नाही, उपग्रहाला जसं वळायचं तसं त्याचा वेग कमी होतो, शून्यावर येतो, मग उलट दिशेनं वाढतो. शून्याच्या आसपास वेग इतका कमी असतो की पापुद्रा तयारच होत नाही, धातू धातूला चाटतो. तीच खरी झीज. शिवाय तिथं घर्षणाची दिशा अचानक उलटते, त्यामुळं उपग्रह किंचित दचकतो आणि फोटो हलतो. म्हणून आम्ही चारही चाकांना आधीच थोडा वेग देऊन ठेवतो, चौघांची ओढ एकमेकांत कटाप झाली पाहिजे असा, म्हणजे उपग्रह वळत नाही आणि कुठलंच चाक शून्याजवळ रेंगाळत नाही. चौथं चाक स्पेअर म्हणून असतं हे अर्धंच खरं, ही सोय पण त्याच्यामुळंच होते.

नासाच्या केप्लर या अंतराळ दुर्बिणीचं घ्या. मार्च २००९ ला उडाली, साडेतीन वर्षांचं काम, चार चाकं. जुलै २०१२ ला एक गेलं. मग दुसऱ्याचं घर्षण वाढायला लागलं. जानेवारी २०१३ मध्ये नासानं काय केलं माहितीय का, सगळी चाकं दहा दिवस थांबवून ठेवली, विश्रांती दिली, तेल परत जागेवर पसरेल या आशेनं. मे २०१३ ला ते गेलंच. दोन चाकांवर तीन दिशा सांभाळता येत नाहीत. मग डोकं लढवून दुर्बीण अशी तिरकी धरली की सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडेल, तिसऱ्या दिशेचा टेकू सूर्यच झाला. तसं २०१४ पासून इंधन संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालवली.

जपानच्या हायाबुसा यानाची तीनपैकी दोन चाकं २००५ मध्ये गेली, एक इटोकावा लघुग्रहाला पोचायच्या आधी, दुसरं पोचल्यावर, तरी लंगडत लंगडत २०१० ला लघुग्रहाची माती घेऊन आली. नासाच्या डॉन यानाची पण गेली, एक २०१० ला, दुसरं २०१२ ला. फ्यूज दुर्बिणीची २००१ च्या शेवटी दोन गेली, एकापाठोपाठ एक. यादी वाढवत नाही, जेवायला जायचंय.

सदाशिव पेठी पाहुणा, दुपारी ३:०५

माहितीपूर्ण धागा. हबलचीही रिअॅक्शन व्हील्सच बंद पडत आलेली आहेत ना? मध्ये बातमी होती की आता एकावरच चालते.

फिजिक्सच्या बाई, दुपारी ४:४०

नाही हो, ती जायरोची बातमी. हबल जून २०२४ पासून एका जायरोवर चालवतात. जायरो मोजतो, आपण किती वळलो ते सांगतो. व्हील वळवतं. दोन्हीत काहीतरी गरगर फिरतं म्हणून वर्तमानपत्रवाले एकाच ओळीत बसवतात. आणि अंतराळ स्थानकावर आणखी तिसराच प्रकार आहे, तिथली शंभर किलोच्या आसपासची चाकं एकाच वेगानं, ६६०० आरपीएमनं फिरतात आणि अख्ख्या चाकाचा आस कलवून स्थानक वळवतात. त्यांचीसुद्धा बेअरिंग गेलेली आहेत, पण तिथं माणसं असल्यामुळे बदलता आली.

वर्गात दाखवायचं असेल तर गोल फिरणाऱ्या स्टुलावर पोराला बसवा, हातात सायकलचं चाक आडवं द्या आणि म्हणा फिरव. पोरगं उलटं फिरतं आणि वर्ग हसतो. बेल होईपर्यंत थांबत नाहीत.

क्यूबसॅट गडहिंग्लज, संध्याकाळी ६:१०

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हाय, आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट छोट्या उपग्रहाच्या चाकाचा हाय. सर म्हणतात लाइफ टेस्ट करा, कसली करू चार महिन्यांत? वरचं वाचून तर घाबरलो. माझ्याकडं एक ६२०३ नंबरचं साधं छर्ऱ्याचं बेअरिंग हाय आणि आज्जीच्या मोडक्या शिलाई मशीनचं बिडाचं चाक. व्हॅक्यूम नाही. काय करू शकतो मी? मैत्रीण म्हणते नुसतं सिम्युलेशन दाखवू.

सदाशिव पेठी पाहुणा, संध्याकाळी ६:२५

"घाबरलो" आणि "मैत्रीण"? आपण नक्की मुलगा की मुलगी? (अवांतर, राग नसावा.)

क्यूबसॅट गडहिंग्लज, संध्याकाळी ६:२७

मुलगी. आमच्याकडं पोरी पण आलो-गेलोच म्हणतात. राग न्हाई.

मिरजकर तिकटी, संध्याकाळी ६:३०

पाहुणं, जेवून जावा.

बेअरिंगवाला, रात्री ८:५५

गडहिंग्लजची ताई, सिम्युलेशन नंतर दाखव, आधी कोस्ट-डाऊन कर, त्याला व्हॅक्यूम लागत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस डिझेलनं धुऊन काढ, नीट वाळव, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब, दोनच. चाक शाफ्टवर बसव, ड्रिल मशीननं ठराविक वेगाला ने, सोड, थांबेपर्यंतचे सेकंद मोज. रोज एकाच वेळी, पाच पाच वेळा. हवेचा अडथळा रोज साधारण सारखाच असणार, त्यामुळं बदल दिसला तर तो बेअरिंगमधला. आयुष्य किती हे नाही कळणार, पण बेअरिंग काय सांगतं ते ऐकायला शिकशील. आणि छोट्या उपग्रहाला नेहमीच चाक लागतं असंही नाही, पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांचा स्वयम् उपग्रह २०१६ ला गेला त्यात चाक नव्हतंच, चुंबकाच्या जोरावर पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून राहायचा.

वायरमन शिरोली, रात्री ९:४०

मी फौंड्रीत इलेक्ट्रिकला हाय. मला उपग्रहातलं काय कळत न्हाई पण बेअरिंगचं एक सांगतो. आमच्याकडं ब्लोअरच्या मोटरी पंधरा पंधरा वर्षं चालायच्या. मालकानं वीज वाचवायला व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, बसवलं, आणि सहा-आठ महिन्यांत बेअरिंग आवाज करायला लागली. बदलली, परत तेच. बेअरिंग सप्लायरवाला म्हणायचा तुमचं ग्रीसिंग चुकतं, ग्रीसिंगवाला पोरगा बिचारा शिव्या खायचा. शेवटी मी एक बेअरिंग कापून बघितलं तर रेसवर आडवे पट्टे, अगदी पन्हाळी पत्र्यासारखे, एकसारख्या अंतरावर. भिंगातून बघितलं तर बारीक बारीक वितळल्यासारखे खड्डे. वेल्डिंगच्या ठिणगीचे असतात तसे. ड्राइव्हमुळं शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगमधनं उडी मारून बॉडीला जातं, तेलाच्या पापुद्र्यातनं. शाफ्टला अर्थिंगचा ब्रश लावला, मोठ्या मोटरला सिरॅमिकच्या छर्ऱ्यांचं बेअरिंग घातलं, तेव्हापासून गप हाय. तुमच्या चाकात करंट असतोय का तसा?

बेअरिंगवाला, रात्री १०:०५

वायरमन, कुठं होतास लेका इतकी वर्षं!

मंडळी, हा माणूस शिरोलीत बसून जे सांगायलाय ते या धंद्यातल्या लोकांच्या ध्यानात यायला २०१७ उजाडलं. ब्रेमेनवाल्यांनी जी चाकं सांगितली, केप्लर, डॉन, फ्यूज, ती एकाच अमेरिकन घराण्यातली. सगळे म्हणायचे तेल कमी पडलं, पिंजरा वेडावाकडा नाचला, घर्षण वाढलं. नुसते अंदाज, कारण चाक परत आणून कापून बघता येत नाही. २०१७ ला बिल बियाल्के आणि एरिक हॅन्सेल यांनी एक पेपर मांडला. बियाल्के स्वतः चाकं बनवण्यात मुरलेला माणूस. त्यांनी घर्षण उसळल्याच्या तारखा आणि सौर वादळांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्या जुळल्या. त्यांचं म्हणणं असं, सूर्यावरून भारित कणांचा लोंढा येतो, उपग्रहावर चार्ज साठतो, फिरणारं चाक आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज तयार होतं, कारण मधे तेलाचा पापुद्रा, तो वीज वाहू देत नाही. मग एका क्षणी पापुद्र्यातून ठिणगी. छर्ऱ्यावर खड्डा. खड्डा पडलेला छर्रा तेल कुटतो, घर्षण वाढतं, बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. उपाय पण तोच, सिरॅमिकचे छर्रे, सिलिकॉन नायट्राइडचे, त्यातून वीज जात नाही.

आता यातली खरी बोच बघा. आमच्या चेंबरमध्ये व्हॅक्यूम होता, थंडी-ऊन होतं, हादरे दिलेले होते, सगळं होतं. सौर वादळ नव्हतं. चाक जमिनीला घट्ट अर्थ केलेलं. स्टीलच्या छर्ऱ्यांचं चाक तिथं वीस वर्षं फिरवलं असतं तरी हे दिसलं नसतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला.

खटक्यावर बोट, रात्री १०:२०

म्हणजे माझंच बरोबर. टेस्ट फुकट.

सूतगिरणी मास्तर, रात्री १०:४८

फुकट कशी? असं बघा, डॉक्टरनं रक्त तपासलं आणि शुगर नॉर्मल निघाली, नंतर माणसाला साप चावला, तर शुगरची तपासणी फुकट म्हणाल का? बेअरिंगवाल्यांच्या टेस्टनं तेल पुरतं का, पिंजरा टिकतो का, ते सांगितलं. तेल पुरत होतं म्हणूनच तर पुढं कोणीतरी वेगळं कारण शोधायला गेला. नाहीतर अजून तेलालाच नावं ठेवत बसले असते, ग्रीसिंगच्या पोरासारखे.

मु.पो. ब्रेमेन, मंगळवार पहाटे २:३०

मास्तरांना +१. फक्त एक जोडतो, ठिणगीचं कारण खूप जणांना पटलंय, पण म्हणून तेल आणि पिंजऱ्याचे प्रश्न मिटले असं कोणी समजू नये. सिरॅमिक छर्रे घातले तरी पापुद्रा लागतोच, शून्याजवळची झीज आहेच. नासाच्या स्विफ्ट दुर्बिणीचं सहापैकी एक चाक जानेवारी २०२२ मध्ये गेलं, तिला तोपर्यंत वर सतरा वर्षं झाली होती. राहिलेल्या पाचांवर महिन्याभरात काम परत सुरू झालं. सहा चाकं ठेवणाऱ्याला मनापासून नमस्कार.

ऊसवाली वहिनी, मंगळवार सकाळी ११:००

मी नुसती वाचक. एक विचारू का? इतकी वर्षं चालू ठेवायची म्हणजे लाइट जात नव्हती का तिकडं? आमच्याकडं मोटर लावून घरात यायच्या आत जाते.

बेअरिंगवाला, मंगळवार रात्री ९:१५

वहिनी, नेमक्या दुखऱ्या जागी हात ठेवलात. हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारलंच तर.

टेस्टचं पाचवं वर्ष संपत आलं होतं. रविवार होता, पाऊस मुसळधार, मी घरी. लाइट गेली. यूपीएसनं भार घ्यायला हवा होता, त्याच्या बॅटऱ्या बदलायची फाइल सात महिने कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी पडून होती, त्या बॅटऱ्यांनी चार मिनिटांत मान टाकली. चाक थांबलं तर थांबलं, त्याचं एवढं काही नाही. पण रोटरी पंप थांबला. पंप थांबला की मधला व्हॉल्व्ह आपोआप पडला पाहिजे, म्हणजे चेंबर बंद. तो अडकला. आणि चेंबरमधला व्हॅक्यूम पंपातल्या तेलाची वाफ उलटी ओढून घेऊन बसला.

सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर काचेच्या खिडकीवर आतून धुरकट थर. बोटानं पुसायला गेलो, मग लक्षात आलं तो आतून आहे. तिथंच खाली बसलो. पाच वर्षांचं काम. चाकाच्या आत जे तेल होतं ते वाफ कमी व्हावी म्हणून मुद्दाम निवडलेलं सिंथेटिक, आणि वरून आता हे साधं पंपाचं तेल. ते चाकाच्या घरट्यात, म्हणजे बाहेरच्या डब्यात, बेअरिंगपर्यंत गेलं की नाही? घरट्याच्या फटी वळणावळणाच्या असतात, बहुतेक गेलं नसणार. बहुतेक.

मग मीटिंग. तीन दिवस. एक साहेब म्हणाले टेस्ट रद्द, शून्यापासून. दुसरे म्हणाले चाक खोलून बघू, त्यावर सगळे ओरडले, कारण एकदा खोललं की ते चाक वरच्या चाकाचं भावंड राहत नाही. आमच्यात एक जुने टेक्निशियन होते, कानडी, बोलायचे कमी. ते म्हणाले, मोटर लावा, करंट बघा. लावली. करंट आदल्या शनिवारइतकाच, दोन-तीन मिलिअँपचा फरक, तो पण दुपारपर्यंत गेला. कोस्ट-डाऊन घेतला, वीस-एक सेकंदांचा फरक. मग ठरलं, चेंबरच्या भिंती पुसा, व्हॅक्यूम लावा, चाकाला हात लावू नका, वहीत लाल शाईनं सगळं लिहा आणि चालू ठेवा. निकाल लागेल तेव्हा ज्याला मानायचं त्यानं मानावं, नाही त्यानं नाही.

मला आजही वाटतं तो निर्णय बरोबर होता. पण त्यानंतर एकाही पावसाळ्यात मी रविवारी पोटभर जेवलो नाही. चाक खोलायच्या आधीच मी नोकरी सोडून घरी आलो, वडिलांची तब्येत. मी आलो तेव्हा ते फिरतच होतं. खोलतात तेव्हा काय बघतात म्हणाल तर पिंजऱ्यात किती तेल शिल्लक ते वजन करून, रेसवर छर्ऱ्याची वाट किती रुंद पडलीय ते मायक्रोस्कोपखाली, आणि कुठं तपकिरी डिंकासारखं काही साचलंय का, तो तेलाचा जळका अंश असतो. मला ते बघायला मिळालं नाही, आणि ज्यांना मिळेल त्यांच्या हाती ते बेअरिंग पडेपर्यंत त्या बनावटीचं बेअरिंग बाजारात मिळत असेल का याचीही खात्री नाही. या धंद्यात जुनी तेलं बंद होतात, मग नवीन तेल, मग परत पहिल्यापासून टेस्ट.

मिरजकर तिकटी, रात्री ९:३०

सही न झालेली फाइल. बाकी सगळं विसरलो तरी एवढं ध्यानात राहणार.

वायरमन शिरोली, रात्री ९:५२

बॅटरीची फाइल आमच्याकडं पण हाय. दोन वर्षांची.

क्यूबसॅट गडहिंग्लज, शनिवार सकाळी ८:४०

सर, सोमवारी रात्रीच बेअरिंग धुऊन ठेवलं आणि मंगळवारपासून रोज सकाळी सातला घेतलाव. पाच वेळांची सरासरी लिहितो. मंगळवार ७४ सेकंद, बुधवार ७५, गुरुवार ७३, शुक्रवार ७६. आणि आज ५२. पाचही वेळा पन्नासच्या आसपास. मी काहीच बदललेलं नाही. बेअरिंग गेलं का? आवाज पण नाही, हातानं फिरवलं तर जरा चिकट वाटतंय. सरांना सोमवारी दाखवायचंय.

बेअरिंगवाला, शनिवार सकाळी ८:५५

घाबरू नकोस. दोन प्रश्न. खोलीचं तापमान रोज लिहिलंस का? आणि काल सकाळपासून आज सकाळपर्यंत चाकाला कोणी कोणी हात लावला?

क्यूबसॅट गडहिंग्लज, शनिवार सकाळी ९:२०

तापमान नाही लिहिलं. आज थंडी जास्तच हाय, अंगणात धुकं होतं.

हात कोणी लावला नाही असं लिहिणार होतो, पण विचारून आलो. आज्जीनं काल संध्याकाळी धूळ बसली म्हणून अख्खं चाक पुसून ठेवलं. तिची जुनी मशीन हाय ना, जीव हाय तिचा. तेलाचं फडकं होतं म्हणते. मधोमध गंज दिसला म्हणून तिथं थोडं सोडलं पण म्हणते. खोबरेल.

बेअरिंगवाला, शनिवार सकाळी ९:३१

थंडीत गोठलंय ते. धुऊ नकोस, खोलू नकोस. आज्जीला काही बोलू नकोस. थर्मामीटर आण. वहीत लाल शाईनं लिही, दिवस चौथा, संध्याकाळ, आज्जी, खोबरेल, अंदाजे किती थेंब ते तिला विचारून. आणि दुपारी ऊन आलं की परत पाच वेळा घे.